उस्ताद, मला झोप येतेय

गेल्या महिन्यात विक्रमगडकडचा एक बावीस वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. दोन वर्षं मामाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून फिरला होता. आता अवजड वाहनाचं लायसन काढायचं, म्हणून आरटीओच्या फॉर्म 1-अ वर डॉक्टरची सही हवी होती. अंगाने काटक, रक्तदाब उत्तम, बोलायला लाघवी.

"काल रात्री किती झोपलास?" मी विचारलं.

"झोप कुठली डॉक्टर, लोडिंगला होतो."

"आणि परवा?"

तो नुसता हसला आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवला. त्या दिवशी मी सही केली नाही. कारण पुढे सांगतो.

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांचा माल घेऊन लांबच्या खेपा मारायला निघालेली अशी बरीच पोरं मी पाहतो. जव्हार, वाडा, डहाणू, पालघर, सगळीकडची. गाडी त्यांना येत असते. बोलता येत नसतं. "झोप येतेय", "लघवीला थांबतो", "टँकरमध्ये काय भरलंय ते सांगा", "छातीत जड वाटतंय" ही चार वाक्यं ती गिळून टाकतात. उस्ताद काय म्हणेल, शेठ पुढची खेप देईल का, क्लीनर जाऊन सगळ्यांना सांगेल, पोरगा कच्चा आहे. माझा आजचा सल्ला बहुतांशी या चार वाक्यांबद्दल आहे.

आधी झोप. बोईसरहून निघणाऱ्या खेपेचा दिवस नीट मोजून पाहा. सकाळी सहाला उठून गाडी कंपनीच्या गेटवर लावायची. गेटपास, वजनकाटा, मग रांग. माल दुपारी भरू म्हणतात, भरतात संध्याकाळी. ताडपत्री आवळून, बिल्टी हातात पडून चिल्हार फाट्याला हायवेवर चढेपर्यंत रात्रीचे दहा वाजतात. गाडी चालली नाही म्हणून मालकाच्या हिशेबात हा दिवस आरामाचा. पण रांगेत दर वीस मिनिटांनी गाडी चार हात पुढे घ्यायची असते, म्हणजे माणूस दिवसभर जागाच. सोळा तासांची जाग अंगावर घेऊन तो रात्रीचं ड्रायव्हिंग सुरू करतो आणि पहाटे दोन वाजता त्याला जागून वीस तास झालेले असतात.

सलग सतरा तास जागलेल्या माणसाचे हातपाय आणि डोकं किती मंदावतात, हे प्रयोगांत मोजलेलं आहे. 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतके. आपल्याकडे कायद्याची मर्यादा 30 मिलिग्रॅमची आहे. म्हणजे थेंबही न पिता तुम्ही त्या मर्यादेपलीकडे गेलेले असता आणि नाक्यावरचं कुठलंही यंत्र ते पकडत नाही. त्यात पहाटे दोन ते पाच ही शरीराच्या घड्याळाची सगळ्यांत खोल वेळ. अहमदाबादहून संध्याकाळी सुटलेली भरलेली गाडी तलासरी, चारोटी, मेंढवण खिंड या पट्ट्यात नेमकी तेव्हाच येते. पहाटेच्या अपघातात वाचलेल्यांना मी विचारतो, ब्रेक कधी दाबलास? बऱ्याच जणांना ब्रेक दाबल्याचं आठवतच नाही. डुलकी तीन-चार सेकंदांची असते आणि तिच्यात डोळे उघडेही राहू शकतात. ताशी 60 च्या वेगाने चार सेकंदांत गाडी 65 मीटरहून जास्त पुढे जाते, आणि ते अंतर ती ड्रायव्हरशिवायच कापते.

मोठ्याने गाणी लावणं, खिडकीतून वारा घेणं, तोंडावर पाणी मारणं, तंबाखूचा बार भरणं, यांनी झोप जात नाही. फार तर पुढच्या पंपापर्यंत पोचण्याइतकी पाच-दहा मिनिटं मिळतात. मागचे दोन-तीन किलोमीटर आठवत नसतील, जांभया थांबत नसतील, गाडी पट्टा सोडून सरकत असेल, तर झोप आलेलीच आहे. ढाब्यावर किंवा पंपाच्या आवारात आत घ्या, एक कप चहा प्या आणि लगेच वीस मिनिटं झोपा. चहाचा असर चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे दोन्हींचा फायदा एकदम मिळतो. उठल्यावर दहा मिनिटं खाली उतरून चाला, मगच स्टेअरिंगला हात लावा. हा तात्पुरता उपाय. खरा उपाय म्हणजे चोवीस तासांत सात तास झोप, आणि तीही शक्यतो एका तुकड्यात.

लोडिंगच्या दिवशी क्लीनरला रांगेत बसवून तुम्ही दुपारी दोन-तीन तास आडवे होऊ शकता. पण क्लीनरकडे लायसन नसेल तर गाडी पुढे घ्यायलाही त्याच्या हाती देऊ नका. गेटवर नंबराची चिठ्ठी मागा. काही ठिकाणी देतात. मागितल्याशिवाय कोणी देत नाही. आणि दिवसाला आठ तास काम, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, ही मर्यादा 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने घातलेली होती. विश्रांती मागताना तुम्ही कोणाकडे भीक मागत नाही.

तो मुलगा म्हणाला, "पण डॉक्टर, उस्तादाला सांगायचं कसं?" मग आम्ही दोघांनी दवाखान्यात बसून ते वाक्य ठरवलं. "उस्ताद, मला झोप येतेय. मी गाडी लावतो, वीस मिनिटं झोपतो." परवानगी मागायची नाही, काय करतोय ते सांगायचं. पहिल्यांदा त्याचा आवाज बारीक निघाला. मी त्याच्याकडून तीनदा म्हणून घेतलं. तुम्हीही घरी म्हणून बघा.

झोपायचं कुठे, हेही महत्त्वाचं. हायवेच्या कडेला, दिवे बंद करून कधीच नाही. मागून येणारा दुसरा कोणी तुमच्यासारखाच पेंगलेला असतो. उन्हाळ्यात सावलीसाठी गाडीखाली अंग टाकायची क्लीनर लोकांना सवय असते. शेजारची गाडी निघताना किंवा आपलीच पुढे घेताना ती जीवावर बेतते. चटई झाडाखाली टाका. आणि आपल्या किनाऱ्यावरच्या पोरांसाठी खास सांगतो, कारण इथे थंडी म्हणजे फार तर एक चादर. डिसेंबर-जानेवारीत राजस्थान, हरियाणाकडे गेलात की रात्री हाडं गोठतात. तेव्हा काचा बंद करून केबिनमध्ये शेगडी किंवा स्टोव्ह पेटता ठेवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, धूर नाही. माणूस झोपेतून उठतच नाही. जाड रजई घरून न्या.

सीटबेल्टबद्दल थोडक्यात. 4 सप्टेंबर 2022 ला आपल्या चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींची मोटार धडकली. मागच्या सीटवरच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता आणि तेच दोघे गेले. ट्रकची केबिन उंच आहे म्हणून तिथे पट्टा लागत नाही, असं समजू नका. गाडी उलटली की माणूस काचेतून बाहेर फेकला जातो आणि तिच्याखालीच येतो.

आता पाणी. नवा ड्रायव्हर पाणी पीत नाही, कारण पाणी प्यायलं की थांबावं लागतं. मग सहा-सहा तास लघवी दाबायची, वर इंजिनाची धग आणि आपल्याकडची घामट हवा. दोन-तीन वर्षांत मुतखडा, लघवीची जळजळ, मूळव्याध घेऊन तो माझ्याकडे येतो. लघवीचा रंग हा तुमचा मीटर. फिक्या लिंबू-सरबतासारखी असेल तर ठीक, मोहरीच्या तेलासारखी पिवळीजर्द असेल तर पाणी कमी पडतंय. तीन तासांनी गाडी थांबवायची, लघवीला जायचं, दोनशे पावलं चालायचं. पाकीट मागच्या खिशातून काढून ठेवा. त्या जाडीवर दिवसभर बसल्याने पायात शिरणारी कळ मी कितीतरी जणांत पाहिली आहे, आणि निम्म्यांना गोळीची गरज पडली नाही. केबिनमधून उडी मारू नका, हँडल धरून उलटं उतरा. लांबून आल्या-आल्या दोरखंड ओढायला किंवा पोती उचलायला जाऊ नका. तासन्‌तास दचके खाल्लेल्या मणक्यांना पंधरा मिनिटं तरी सरळ होऊ द्या.

पाण्याचा मुद्दा आपल्या पालघर जिल्ह्यात आणखी एका कारणाने मोठा आहे. वारली, कोकणा, कातकरी अशा आपल्या आदिवासी समाजांत सिकलसेल आढळतो. अनेकांना ते माहीतच नसतं. नुसता वाहक असेल तर सहसा त्रास होत नाही, पण पाणी तोडणं त्याच्याही हिताचं नाही. सिकलसेलचा प्रत्यक्ष आजार असलेल्याच्या अंगात पाणी कमी पडलं, थंडी बाधली किंवा शिणवटा आला की हाडं-सांधे, छाती, पोट यांत असह्य कळा उठतात. लांबच्या खेपेत या तिन्ही गोष्टी एकदम भेटतात. 2023 पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम चालू आहे. लायसन काढायच्या आधी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी करून घ्या. आजार निघाला तर डॉक्टरांशी बोलून जवळच्या फेऱ्यांचं काम बघा.

खाण्याचं मी फार ताणत नाही. घरून निघताना नागलीची भाकरी, सुकटीची चटणी, शेंगदाणे, केळी न्या. ढाब्यावर डाळ-रोटी घ्या, तर्री वरून काढून टाका, आणि रात्री भरल्या पोटी लगेच गाडी काढू नका. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर एकही जेवण चुकवायचं नाही. साखर मोजायचं यंत्र आणि गुळाचा खडा हाताशी हवा, कारण साखर उतरली की माणूस दारू प्यायल्यासारखा वागतो. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते. औषधाच्या दुकानात "मी ड्रायव्हर आहे" हे आधी सांगा.

टँकरवर लागणाऱ्यांशी मला जरा सविस्तर बोलायचंय. तारापूरला अ‍ॅसिड, सॉल्व्हंट, नाना प्रकारची रसायनं येतात-जातात. धोकादायक मालासाठी वेगळं प्रशिक्षण आणि लायसनवर तशी नोंद लागते. ती नसताना "एवढी एकच खेप मार" म्हटलं तर नाही म्हणा. टँकरवरच्या पाटीवर चार आकडी नंबर असतो: 1830 म्हणजे सल्फ्युरिक अ‍ॅसिड, 1789 हायड्रोक्लोरिक, 1230 मिथेनॉल. आपल्या मालाचा नंबर पाठ हवा आणि मालाचे धोके व तातडीचे उपाय लिहिलेलं ट्रेम कार्ड केबिनमध्ये हवं, कारण अपघातात आम्हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, "कशात भाजला?" प्यायच्या पाण्याखेरीज वीस लिटरचा एक कॅन भरून वेगळा ठेवा. अंगावर किंवा डोळ्यात रसायन उडालं तर कपडे उतरवून वीस मिनिटं पाणी ओतत राहा. चोळू नका, हळद-चुना-टूथपेस्ट काही लावू नका, मग दवाखान्यात या. कॉस्टिकसारखा क्षार डोळ्यात गेला तर तो अ‍ॅसिडपेक्षा खोल शिरतो, तेव्हा धुवायला एक मिनिटही उशीर करू नका. गळती दिसली तर वारा ज्या दिशेकडून येतोय तिकडे पळा.

रिकाम्या टाकीत साफसफाईला उतरू नका. पहिला आत बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि घरी दोघांचीही प्रेतं येतात. रात्री ओढ्यात टँकर रिकामा करायला कोणी जादा पैसे देत असेल तर सुरतजवळचं सचिन आठवा. 6 जानेवारी 2022 च्या पहाटे तिथल्या औद्योगिक वसाहतीत नाल्यात रसायन सोडताना विषारी वायू झाला आणि सहा कामगार गेले. आणि टँकरमधलं 'स्पिरिट' कोणी प्यायला दिलं तर ओठालाही लावू नका. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉलच्या दारूने शंभरावर माणसं मेली. जी वाचतात त्यांतल्या काहींचे डोळे कायमचे जातात.

जागं राहायला गुटखा, मावा खाणाऱ्यांना मी आरशासमोर उभं करतो. तोंड पूर्ण उघडा आणि आपली तीन बोटं उभी आत घालून बघा. जात नसतील तर सुपारीने आतली कातडी आवळत चालली आहे आणि ही कॅन्सरआधीची पायरी असू शकते. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. हायवेवर मिळतो म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. वाटेत शरीरसंबंध आला तर निरोध वापरायचाच. चूक झाली असेल तर लपवून बायकोपर्यंत नेऊ नका. एचआयव्हीची तपासणी आणि औषधं सरकारी रुग्णालयात मोफत आहेत आणि नाव गुप्त राहतं. 1097 वर विचारता येतं. एकटेपणाने मन खचलं, दारूकडे हात जायला लागला, तर 14416 वर फोन करा, तिथे मराठीत बोलतात. छातीत जड वाटून घाम फुटला, डावा हात भरून आला, तर ढाब्यावर 'गॅस'ची गोळी शोधत बसू नका. गाडी बाजूला घेऊन 108 लावा.

आता सहीचं. फॉर्मवर एक साधा प्रश्न असतो: चांगल्या उजेडात 25 मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का? मी त्या मुलाला दवाखान्याच्या पायरीवर नेलं. पलीकडे गुजरातचा एक ट्रक उभा होता. उजव्या डोळ्याने त्याने नंबर झरझर वाचला. उजवा झाकला तर "जीजे" म्हणाला आणि थांबला. पुढचे आकडे त्याने अंदाजाने सांगितले, आणि चुकले. दोन वर्षं तो रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपत असूनही गप्प बसला होता. मामाला कधी सांगितलं नव्हतं.

मी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं आणि सांगितलं, येताना रात्रभर झोपून ये. दहा दिवसांनी तो आला, चष्मा लावून, काचा शर्टाला पुसत. पायरीवर उभा राहिला, एकेक डोळा झाकून त्याने रिक्षाची, टेम्पोची आणि लांब उभ्या टँकरचीही नंबर प्लेट वाचली. टँकरच्या मागची पाटीही त्याने न विचारता वाचली: "1789. डॉक्टर, हायड्रोक्लोरिक." मग आत येऊन मी सही केली.