ट्रॉलीचा फाळका व मागील दांडी

एका ट्रॅक्टरामागें दोन ट्रॉल्या जोडून ऊस नेण्याचा प्रघात कोल्हापूर जिल्ह्यांत रूढ आहे. परतीस कारखान्याची मळी आणल्यास पहिल्या ट्रॉलीचा फाळका उघडतांच तो मागील दांडीवर आपटतो. बिजागरी वांकते, प्रसंगीं गड्याचीं बोटें सांपडतात.

हिशेब सोपा आहे. बिजागरी जमिनीपासून ४ फूट व फाळका २ फूट असल्यास लोंबता कांठ २ फुटांवर येतो. दांडी किंवा तिचा टेकू याहून उंच असतां अडचण ठरलेलीच. माप भरल्या ट्रॉलीवर घ्यावें, कारण स्प्रिंगा दबतात.

कित्येक जण हूकच मागें वाढवितात. दुचाकी ट्रॉलीस आम्ही तें घातक समजतों. भार चाकांमागें लांब पडून तिचें तोंड उचलूं पाहतें. दांडी लांबविणें बरें, मात्र वळणास जागा अधिक लागेल. फाळक्याचे दोन पल्ले करून ते बाजूंस उघडावे, हें स्वस्त; पण मागील ट्रॉली पल्ल्याच्या रुंदीहून दूर हवी.