सांडपाण्यावरची परसबाग : आखणी आणि जोपासना

घराच्या मागील मोकळ्या जागेला मराठीत 'परस' म्हणतात, आणि त्या जागेत भाजीपाला लावण्याची परंपरा महाराष्ट्रात फार जुनी आहे. कोकणातील घरामागचे आगर, देशावरील विहिरीकाठचे अळूचे वाफे, विदर्भातील अंगणाच्या कुडावर चढलेला वाल ही सर्व त्या परंपरेचीच रूपे होत. अलीकडच्या काळात या परंपरेला पोषणाच्या कार्यक्रमाची जोड मिळाली. मार्च 2018 मध्ये सुरू झालेले पोषण अभियान, केंद्र शासनाने 2019 मध्ये शालेय पोषण परसबागांसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचना आणि 'उमेद' अभियानातील बचत गटांचे काम यांमुळे परसबाग हा शब्द ग्रामपंचायतीपासून अंगणवाडीपर्यंत सर्वत्र परिचित झाला आहे.

तथापि, जून-जुलैमध्ये उत्साहाने लावलेल्या अनेक बागा पुढील वैशाखापर्यंत टिकत नाहीत, हेही तितकेच खरे. बागेची आखणी उपलब्ध जमिनीवरून केली जाते आणि पाण्याचा विचार मागाहून होतो, हे याचे प्रमुख कारण होय. वास्तविक क्रम उलट असावयास हवा. उन्हाळ्यात घरात जेवढे सांडपाणी निघते, तेवढीच बाग बारमाही ठरते. उरलेली जागा पावसाळ्यात व हिवाळ्यात वापरावी आणि उन्हाळ्यात मोकळी सोडावी.

परसबाग कशासाठी?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के स्त्रियांमध्ये, तसेच 6 ते 59 महिने वयाच्या 68.9 टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळून आला. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत, परंतु ताटातील पालेभाज्या, फळभाज्या व फळे यांची उणीव हे त्यांपैकी एक महत्त्वाचे कारण आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत प्रौढ व्यक्तीच्या दिवसाच्या आहारात सुमारे 400 ग्रॅम भाज्या व 100 ग्रॅम फळे असावीत, असे सुचविले आहे. उन्हाळ्यात भाजीचे दर चढतात, तेव्हा मजूर कुटुंबाच्या ताटातून सर्वप्रथम भाजीच कमी होते. म्हणजे ज्या दिवसांत परसबागेची गरज सर्वाधिक असते, नेमक्या त्याच दिवसांत ती वाळून गेलेली असते.

परसबागेकडून अवास्तव अपेक्षा मात्र ठेवू नयेत. लहानशी बाग पाच माणसांची संपूर्ण भाजी पुरवू शकत नाही. आठवड्यातून चार-पाच वेळा ताजी पालेभाजी, हाताशी लिंबू, मुलांना पपई आणि बाजार महाग असताना दोन-तीन फळभाज्या एवढे साधले तरी तिचे काम झाले. तसेच परसबाग ही आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांना पर्याय नाही, ती त्यांना पूरक आहे. पालेभाजीतील लोह शरीरात चांगले शोषले जावे यासाठी जेवणात लिंबू असावे, आणि गर्द हिरव्या व पिवळ्या-केशरी भाज्यांतील अ जीवनसत्त्व अंगी लागावे यासाठी भाजीला थोडे तेल असावे. या दोन गोष्टी बागेबरोबरच सांगावयास हव्यात.

पाण्याचा हिशेब

2019 मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज 55 लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले. पाच माणसांच्या कुटुंबास या हिशेबाने 275 लिटर पाणी मिळते. आंघोळ, धुणे व भांडी यांतून त्याचा मोठा भाग सांडपाणी म्हणून बाहेर पडतो. त्यातील निम्मे, म्हणजे सुमारे 135 लिटर, बागेपर्यंत पोहोचते असे धरू.

एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी पसरले, तर त्याचा थर एक मिलिमीटरचा होतो. एप्रिल-मे महिन्यांत पठारी भागात भाजीच्या वाफ्याला दर चौरस मीटरमागे रोज सुमारे 6 लिटर पाणी लागते असे धरल्यास 135 लिटर पाण्यावर 22 चौरस मीटरच्या आसपासच बाग तगते. हे क्षेत्र पाव गुंठ्याहूनही कमी आहे. एक गुंठाभर जागेत वाफे पाडणाऱ्या कुटुंबाची बाग उन्हाळ्यात का वाळते, याचे उत्तर या साध्या हिशेबात आहे. जी बाग वाळू नये म्हणून घरातील स्त्रीला दुरून आणखी चार हंडे वाहून आणावे लागतात, ती बाग कुटुंबाच्या पोषणात भर घालते की त्या स्त्रीच्या कष्टांत, याचाही विचार व्हावयास हवा.

प्रत्येक गावी 55 लिटर पाणी मिळतेच असे नाही, म्हणून प्रत्यक्ष मोजणी करणे इष्ट ठरते. एप्रिलमधील कोणत्याही तीन दिवशी न्हाणीचे व मोरीचे पाणी बादलीत धरून बादल्या मोजाव्यात, एका दिवसाची सरासरी काढावी आणि आलेल्या लिटरांना 6 ने भागावे. जो आकडा येईल, तेवढ्या चौरस मीटरचीच बारमाही बाग धरावी.

आखणी

वर घेतलेल्या उदाहरणात 1.2 मीटर रुंद व 3 मीटर लांब असे पाच वाफे करावेत. या रुंदीमुळे वाफ्यात पाय न ठेवता दोन्ही बाजूंनी मधल्या रोपापर्यंत हात पोहोचतो. दोन वाफ्यांमध्ये 45 सेंटीमीटरची वाट ठेवावी. पाच वाफ्यांचे क्षेत्र 18 चौरस मीटर होते आणि त्यांना उन्हाळ्यात रोज 108 लिटर पाणी लागते. उरलेले 27 लिटर झाडांच्या आळ्यांसाठी राहते. एवढ्या पाण्यावर एक शेवगा, एक कढीपत्ता, एक लिंबू व दोन पपया जगू शकतात. केळीस पाणी फार लागते, तेव्हा सांडपाणी मुबलक असेल तरच ती लावावी.

उंच झाडे बागेच्या उत्तर व पश्चिम कडेला घ्यावीत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तरेकडील झाडांची सावली वाफ्यांवर पडत नाही. उन्हाळ्यात पश्चिमेकडील झाडे दुपारनंतरचे कडक ऊन अडवितात. शेवगा उंच वाढू न देता दरवर्षी छाटावा, म्हणजे शेंगांबरोबर पालाही हाताशी येतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेला 'कोकण रुचिरा' हा शेवग्याचा वाण राज्यात परिचित आहे. कुंपणाला गिरिपुष्प लावल्यास जनावरांपासून संरक्षण मिळते आणि त्याचा पाला खत म्हणून वाफ्यांत घालता येतो.

हिवाळ्यात पाण्याची गरज दर चौरस मीटरला सुमारे 4 लिटरपर्यंत उतरते. त्यामुळे तेवढ्याच सांडपाण्यावर आणखी तीन वाफे घेता येतात. पावसाळ्यात तर परसातील निचऱ्याची सर्व जागा वापरावी. अशा रीतीने बाग ऋतूप्रमाणे पसरते व आक्रसते, आणि मधले पाच वाफे मात्र बारा महिने हिरवे राहतात.

वर्षाचे पीकचक्र

मृगाचा पाऊस पडल्यावर दोडका, कारले, दुधी, भोपळा व वाल हे वेल कुंपणावर आणि मांडवावर सोडावेत. वाफ्यांत भेंडी, गवार, चवळी व अंबाडी घ्यावी. मिरची व वांग्याची रोपे गादीवाफ्यावर तयार करून लावावीत. परसाचा एक कोपरा आपोआप उगवणाऱ्या टाकळा, कुर्डू, घोळ यांसारख्या रानभाज्यांसाठी राखून ठेवावा. त्यांना ना बियाण्याचा खर्च, ना पाण्याचा.

दसरा-दिवाळीपासून मेथी, पालक, मुळा, गाजर, कोथिंबीर, टोमॅटो, कांदा व घेवडा यांचा हंगाम सुरू होतो. पालेभाजीचा संपूर्ण वाफा एकाच दिवशी पेरण्याची चूक सर्वत्र आढळते. महिनाभराने भाजी एकदम तयार होते, काही वाटली जाते, काही जून होते आणि नंतर वाफा रिकामा राहतो. त्याऐवजी दर पंधरा दिवसांनी अर्धा वाफा पेरावा, म्हणजे काढणी अखंड चालू राहते.

माघ-फाल्गुनात वाढीव तीन वाफे बंद करून पाणी पुन्हा मधल्या पाच वाफ्यांवर आणावे. उन्हाळ्यासाठी एका वाफ्यात माठ व तांदुळजा, दुसऱ्यात भेंडी व गवार, तिसऱ्यात आधी लावलेली वांगी व मिरची, चौथ्यावर मांडव करून काकडी, दोडका व तोंडली घ्यावी. पाचवा वाफा ताग किंवा चवळी गाडून विश्रांतीस ठेवावा, किंवा पाणी पुरत असल्यास पालेभाजीस द्यावा. वांगी, टोमॅटो व मिरची ही एकाच कुळातील पिके असल्याने ती त्याच वाफ्यात लागोपाठ घेऊ नयेत. उन्हाळ्यात वाफ्यांवर वाळलेला पाला, उसाचे पाचट किंवा गव्हाचे काड यांचे आच्छादन पसरल्यास जमिनीतून उडून जाणारे पाणी वाचते.

सांडपाणी वापरताना

शौचालयाचे पाणी बागेकडे कोणत्याही परिस्थितीत वळवू नये. मोरीच्या पाण्यातील खरकटे व तेलकटपणा अडावा म्हणून ते प्रथम गवत किंवा काथ्याच्या जाळीतून आणि नंतर खडी व जाड वाळू भरलेल्या लहान हौदातून जाऊ द्यावे. गाळलेले पाणी त्याच दिवशी वापरावे, साठवल्यास त्यास दुर्गंधी येते. पाणी आठवडाभर साचून राहिल्यास डासांची पैदास होते, म्हणून चरांना उतार द्यावा व डबके राहू देऊ नये. मुळा, गाजर, काकडी, कोथिंबीर यांसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना स्वच्छ पाणी द्यावे, आणि सांडपाणी झाडांच्या आळ्यांत व शिजवून खावयाच्या भाज्यांच्या मुळांशी सोडावे. साबणाच्या पाण्यातील क्षारांमुळे, विशेषतः काळ्या जमिनीत, पृष्ठभागावर पांढरट थर येऊ लागतो. म्हणून प्रत्येक वाफ्याला अधूनमधून साधे पाणी द्यावे आणि सेंद्रिय खत भरपूर घालावे.

खत, कीड आणि बियाणे

खतासाठी बाजारात जाण्याची आवश्यकता नाही. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील पांढरीपांडे यांनी विकसित केलेली व त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून 'नाडेप' म्हणून ओळखली जाणारी पद्धत देशभर पोहोचली आहे. जाळीदार भिंतींच्या टाक्यात काडीकचरा, शेण व माती यांचे थर देऊन खत तयार करणे हे तिचे सूत्र. एका घरासाठी मोठे टाके लागत नाही, त्याच तत्त्वावर लहान टाके किंवा खड्डा पुरतो. किडींसाठी 50 ग्रॅम निंबोळी पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारावी. रोज खुडून खावयाच्या भाजीवर विषारी औषध मारणे सर्वथा टाळावे.

बियाण्याच्या बाबतीत स्वावलंबनास विशेष महत्त्व आहे. संकरित वाणाचे बी पुढील वर्षी तेच गुण देत नाही, देशी व सरळ वाणांचे बी मात्र घरी धरता येते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. औपचारिक शिक्षण नसलेल्या एका आदिवासी शेतकरी स्त्रीने परसातील बियाण्याची थोरवी देशाला दाखवून दिली. प्रत्येक पिकाची दोन सर्वांत जोमदार झाडे बियाण्यासाठी राखणे आणि बी नीट वाळवून, राखेत घोळून, कोरड्या मडक्यात ठेवणे एवढी शिस्त कोणत्याही कुटुंबास जमण्यासारखी आहे.

ग्रामपंचायत आणि शाळा यांचे कर्तव्य

अनेक कुटुंबांना परसच नसते. गावठाणात दाटीने राहणाऱ्या भूमिहीन कुटुंबांसाठी हातपंप किंवा सार्वजनिक नळकोंडाळे यांच्या सांडपाण्यावर सामाईक बाग उभी करण्यास ग्रामपंचायतीने जागा द्यावी व तिची जबाबदारी बचत गटाकडे सोपवावी. पोती, जुने डबे व फुटके माठ यांतही मिरची, माठ व कढीपत्ता येतो. घरोघरचे पाणी परसातच मुरल्यास गटारांवरील भार व त्यांवरील खर्चही कमी होतो, हा पंचायतीचा थेट लाभ आहे.

शाळेच्या बागेचा हिशेब थोडा वेगळा आहे. मे महिन्यात शाळा बंद असते आणि बागेला पाणी घालणारे कोणी नसते. म्हणून शाळेने जूनच्या मध्यास सुरू होऊन एप्रिलमध्ये संपणारी हंगामी बाग आखावी, सत्राच्या अखेरीस बी धरावे आणि सुट्टीत काटक झाडे तेवढी जगवावीत. बादल्यांची मोजणी, वाफ्यांचे क्षेत्रफळ व लिटरांचा भागाकार हा गणिताचा उत्तम प्रत्यक्ष पाठ होऊ शकतो. तोच हिशेब विद्यार्थी घरी नेतात.

परसबागांची नोंद कधी घ्यावी, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. सप्टेंबर महिना पोषण माह म्हणून पाळला जातो. त्या वेळी पावसाने सर्वच परस हिरवे असतात व नोंदीतील संख्या समाधानकारक दिसते. त्या नोंदीबरोबरच मे महिन्याच्या मध्यास दुसरी पाहणी करावी आणि गावातील किती बागांत त्या दिवशी भाजी खुडण्याजोगी होती, एवढी एकच बाब लिहून ठेवावी. ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका व पंचायत सदस्य यांनी मिळून एका दिवसात होणारे हे काम आहे. ज्या घरी भाजी आढळेल, त्या घरच्या गृहिणीने पाणी कसे पुरविले हे तिच्याकडूनच समजून घ्यावे आणि पुढील जूनमध्ये नवीन बागा आखताना तिलाच मार्गदर्शनासाठी बोलवावे.