आधी बैठक, मग गादी

सातारा

चि. बाळूस,

जुनी सीजे-३बी घेतलीस, तीही पेट्रोलवरची, हे तुझ्या पत्रात वाचून जीव सुखावला. पण पुढच्या पानावर बकेट सीटचा बेत वाचला आणि लगेच उत्तर लिहायला बसलो. जुन्या बाजारात जाण्याआधी एवढं वाच.

चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत ज्या विलिस जीप जुळवू लागले, त्यांच्याच घराण्यातली ही गाडी. तिच्यात ड्रायव्हर पेट्रोलच्या टाकीवरच बसतो. त्यामुळे सीट खाली घ्यायला जागा नाही. मोटारीची बकेट सीट तिच्या रुळांसकट वर चढवलीस, की नजर काचेच्या चौकटीला भिडलीच म्हणून समज. थ्री-बीचं बोनेट उंच आणि काच आधीच बुटकी. मी एकदा हौसेने तीन इंच फोम वाढवला होता. वरंधा घाटात वळण दिसावं म्हणून मान खाली घालून चौकटीखालून बघत होतो, आणि मांड्या स्टिअरिंगला घासत होत्या. तुझी मामी शेजारी हसत होती, ते वेगळंच.

तेव्हा आधी काही विकत घेऊ नकोस. सीटवर बूड पार मागे टेकवून बस आणि क्लच तळापर्यंत दाब. तरीही गुडघ्यात थोडा बाक राहिला पाहिजे. पाय ताठ होत असेल तर सीट लांब पडते. गुडघा स्टिअरिंगला लागत असेल तर जवळ. मग पाठ न हलवता हात पुढे कर, मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. काय येतं ते टेपने मोजून लिहून ठेव. सीट मागे घ्यायला वाव फार नसतो, पण इंच-दीड इंच मिळतो आणि पुष्कळदा तेवढाच लागतो.

खरी गंमत बैठकीच्या उताराची. मूळ बैठक जवळजवळ सपाट, त्यामुळे ब्रेक लागला की माणूस पुढे घसरतो आणि मांडी अधांतरी राहते. पुढच्या बोल्टांखाली एक इंचाचे तुकडे घाल. सोळा इंच खोलीच्या बैठकीत त्याने साडेतीन अंशांचा कल येतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सातारा-महाबळेश्वर करून आल्यावर कंबर सांगेल. पाठ मात्र मऊ करू नकोस. हा क्लच जड, तो दाबताना पाठीनेच रेटा द्यावा लागतो.

गादीत खाली ४० डेन्सिटीचा कडक फोम आणि वर अर्धा इंच मऊ, बस. जाडीवर जाऊ नकोस. कापड कॅनव्हासचं घे. रेक्झिन उन्हात तव्यासारखं तापतं. आणि बैठकीच्या पत्र्याला तळाशी दोन भोकं ठेवायला सांग, नाहीतर पावसाळ्यात फोमची पाणपोई होते.

आता ज्यासाठी खरं तर पत्र लिहिलं ते. सीटच्या पायांना वेल्डिंग लागलं तर टाकी गाडीतून बाहेर काढल्याशिवाय ठिणगी पडू द्यायची नाही. रिकामी आहे म्हणून सोडू नकोस. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी वाईट, कारण आत वाफ असते. मी एका गॅरेजात कारागिराला ऐन वेळी हात धरून थांबवलं आहे. तो म्हणत होता, "साहेब, पेट्रोल काढलंय ना!"

सीट बेल्ट लावशील तर तो सीटला बांधू नकोस. बॉडीच्या मजबूत भागात, खालून जाड पोलादी पट्टी देऊन बोल्ट घाल. शेजारची सीट पुढे उलटते. तिची खिटी घट्ट बसते का बघ, नाहीतर ब्रेकला मागून धक्का मारते. आणि बाजूच्या फुगवट्याची सीट आणलीस तर गिअरच्या मधल्या तीन दांड्यांना हात पोचतो का, ते दुकानात नव्हे, गाडीत बसून ठरव.

मापं कळव. माझ्याकडे जुन्या सीटच्या स्प्रिंगा माळ्यावर पडल्यात. गंज काढला तर चालतील. येशील तेव्हा घेऊन जा, जीपनेच ये.

तुझा,
मामा