हाडातली पोकळी आणि नॅनो भरण

बांधकामावरून पडलेल्या माणसाला घरी आणले की वस्तीत पहिला प्रश्न येतो : हाडवैद्य की दवाखाना? हल्ली त्यापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. डॉक्टर म्हणतात, "हाडात पोकळी आहे, नॅनो मटेरियल भरावे लागेल." घरचे गोंधळतात. म्हणून आम्ही हा विषय घेतला.

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपले हाड याच मापात विणलेले आहे : कोलॅजन या प्रथिनाचे चिवट धागे आणि त्यांत हायड्रॉक्सिॲपेटाइट या कॅल्शियमयुक्त खनिजाचे काही नॅनोमीटर जाडीचे स्फटिक. स्लॅबमधल्या सळई-सिमेंटसारखे. मुलांना दाखवायचे असेल तर कोंबडीचे बारीक हाड चायनीजच्या गाडीवर असते त्या व्हिनेगरमध्ये चार-पाच दिवस बुडवून ठेवा. खनिज विरघळते आणि उरलेले हाड रबरासारखे वाकते.

साधे मोडलेले हाड नीट बसवून स्थिर ठेवले तर बहुधा आपले आपण जुळते. त्याला नॅनो लागत नाही. अपघातात तुकडाच गेला, जंतुसंसर्गाने हाड कुजले किंवा गाठ काढावी लागली, तर मधले अंतर पेशींना ओलांडता येत नाही. तेव्हा रुग्णाच्याच कमरेचे हाड काढून भरतात. त्यात जिवंत पेशी असतात, म्हणून आजही तेच उत्तम मानले जाते. पण दुसरी जखम होते आणि हाडही मोजकेच मिळते. म्हणून कारखान्यात बनवलेले नॅनो हायड्रॉक्सिॲपेटाइट लगदा किंवा दाण्यांच्या रूपात भरतात. कण जितके बारीक तितका त्यांचा एकूण पृष्ठभाग जास्त; पेशींना धरायला जागा मिळते. इमारतीच्या परांचीसारखे ते काम करते. नवे हाड तयार होते तसे ते हळूहळू विरघळते.

मात्र हे भरण वजन पेलत नाही. रॉड किंवा प्लेट लागतेच. "भरले आहे ना" म्हणून लवकर पाय टेकवू नये. आत पू असेल तर आधी तो संसर्ग बरा करावा लागतो. बिडी, तंबाखू, मिश्री यांतल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला उशीर होतो. मिश्री लावणाऱ्या आयाबायांना हे कुणी सांगत नाही. आणि "नॅनो कॅल्शियम"ची गोळी खाल्ल्याने ही पोकळी भरत नाही.

सही करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा : पोकळी एक्स-रेवर दाखवाल का? कमरेचे हाड का चालणार नाही? भरणाचा खर्च वेगळा किती? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो बसतो का, हे योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे, तेही शस्त्रक्रियेच्या आधी.