डिचोलीचे तांबडे पाणी

लहानपणी डिचोलीत पावसाळ्यात ओहोळाचे तांबडे पाणी मी बाटलीत भरून ठेवी. रेती लगेच तळाला बसे. वरचे पाणी मात्र दुसऱ्या दिवशीही तांबूसच! याचे कारण पुढे रसायनशास्त्र शिकताना कळले.

लोहखनिजाच्या खाणीतून वाहून येणाऱ्या गाळात लहानमोठे कण असतात. पुष्कळसे मायक्रॉनमध्ये मोजण्याजोगे. काही मात्र १०० नॅनोमीटरहूनही बारीक. (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.) पाण्याच्या रेणूंचे धक्केच अशा कणांना तरंगते ठेवतात. शिवाय पृष्ठभाग पाहा. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच १०० नॅनोमीटरचे घन पाडले तर तो ६० चौरस मीटर, म्हणजे आपल्या एका वर्गाएवढा! त्यावर शिसे, आर्सेनिक अशी विषारी द्रव्ये चिकटतात आणि कणाबरोबर प्रवास करतात.

डिचोलीची नदी मांडवीला मिळते. खाऱ्या पाण्यात हे कण एकमेकांना चिकटून खाली बसू लागतात, आणि तिथेच तिसऱ्या नि कालवे! पाणी गाळूनच ती पोट भरतात. माशांच्या कल्ल्यांवरही हा गाळ बसतो.

२०१२ आणि २०१८ साली खाणी बंद पडल्या. २०२४ मध्ये डिचोलीत खोदकाम पुन्हा सुरू झाले. खाणी बंद असतानाही मातीचे ढिगारे पावसात धुपतच होते.

आई तिसऱ्या रेती सोडाव्यात म्हणून पाण्यात ठेवी. रेती सुटे. पेशींत शिरलेले अतिसूक्ष्म कण तसे सुटतीलच, असे मला सांगता येत नाही.