छातीचा फोटो स्वच्छ, म्हणून विडी-सिगारेट ओढणाऱ्याने निर्धास्त राहावे का?

"डॉक्टर, मी दरवर्षी छातीचा फोटो काढतो. काही निघत नाही. मग सिगारेटने माझे काय बिघडले?" असा प्रश्न दवाखान्यात वारंवार ऐकू येतो. विचारणारे गृहस्थ बहुधा पन्नाशी ओलांडलेले असतात आणि फोटो स्वच्छ निघाला की पुढच्या वर्षाचा परवाना मिळाला, अशी त्यांची समजूत असते. या फोटोवर एवढा भरवसा का ठेवू नये, ते आज पाहू.

फुफ्फुसाच्या आतल्या भागाला वेदना कळत नाही. तेथे वाढणारी लहान गाठ त्यामुळे दुखत नाही, खुपत नाही. ती श्वासनलिकेला किंवा छातीच्या आवरणाला जाऊन भिडते तेव्हा खोकला, बेडक्यातून रक्त, छातीत दुखणे सुरू होते आणि तोवर शस्त्रक्रियेची वेळ बहुधा निघून गेलेली असते. साध्या क्ष-किरण फोटोत फासळ्या, हासळीचे हाड आणि हृदय यांच्या सावल्या एकमेकींवर पडतात. त्यांच्याआड लहान गाठ सहज लपते. अमेरिकेत दीड लाखाहून अधिक लोकांवर याची कसोटी घेण्यात आली. त्यांच्यापैकी निम्म्यांचे फोटो दरवर्षी काढले. २०११ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू त्यामुळे कमी झालेले दिसले नाहीत.

याला पर्याय आहे तो कमी मात्रेच्या सीटी स्कॅनचा. यात फुफ्फुसाच्या पातळ चकत्या केल्यासारख्या प्रतिमा मिळतात आणि किरणोत्सर्ग नेहमीच्या सीटी स्कॅनपेक्षा बराच कमी असतो. इंजेक्शन लागत नाही, उपाशी राहावे लागत नाही. अमेरिकेतच ५५ ते ७४ वर्षे वयाच्या, भरपूर धूम्रपान केलेल्या ५३ हजारांवर स्त्री-पुरुषांत हा स्कॅन आणि साधा फोटो यांची तुलना झाली. स्कॅनच्या गटात या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले (२०११). नेदरलँड्स आणि बेल्जियममधील पुरुषांत हेच प्रमाण २४ टक्के आढळले (२०२०).

आता हिशेब कोणी करायचा? अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये घातलेली मर्यादा अशी: वय ५० ते ८०, धूम्रपान किमान २० 'पाकीट-वर्षे', आणि व्यक्ती अजून ओढत असावी किंवा सोडून पंधरा वर्षे झालेली नसावीत. रोज वीस सिगारेटी एक वर्ष ओढल्या की एक पाकीट-वर्ष होते. आपल्याकडे पाकीट बहुधा दहाचे असते, तेव्हा पाकिटे न मोजता सिगारेटी मोजाव्यात. रोज दहा सिगारेटी तीस वर्षे म्हणजे १५ पाकीट-वर्षे; रोज वीस, पंचवीस वर्षे म्हणजे २५.

विडीचे काय? हे सारे अभ्यास सिगारेटीवर झाले आहेत, त्यामुळे विडीसाठी असा नेमका आकडा देता येत नाही. विडीत तंबाखू कमी असते हे खरे. पण ती विझू नये म्हणून झुरके अधिक वेळा घ्यावे लागतात, आणि तिच्या धुराने कर्करोग होतो याबद्दल शंका नाही. रोज किती विड्या, किती वर्षे, हे डॉक्टरांना प्रामाणिकपणे सांगावे. घरची मंडळी सोबत असली की हा आकडा निम्म्यावर येतो, असा अनुभव आहे!

या तपासणीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वरील अमेरिकन पाहणीत सुमारे ३२० जणांची तपासणी झाली तेव्हा एक मृत्यू टळला. शंभरातील सुमारे २४ स्कॅनमध्ये काहीतरी संशयास्पद दिसले, आणि त्यांतील ९६ टक्क्यांहून अधिक ठिकाणी कर्करोग नव्हताच. आपल्याकडे तर जुन्या क्षयाचे व्रण अनेकांच्या फुफ्फुसात असतात, आणि ते स्कॅनमध्ये गाठीसारखे दिसू शकतात. मग घरात रडारड, सुईने तुकडा काढणे, कधी विनाकारण शस्त्रक्रिया. लहान गाठ दिसल्यास काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करून ती वाढते का एवढेच पाहणे, हा बहुधा शहाणपणाचा मार्ग असतो. म्हणून तिशीतल्या, कधीही न ओढलेल्या माणसाने केवळ भीतीपोटी ही तपासणी करू नये. हृदय किंवा श्वसन इतके खालावले आहे की शस्त्रक्रिया झेपणारच नाही, अशांनाही तिचा उपयोग नाही.

आपल्या सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर तोंडाच्या, स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी होते, फुफ्फुसाची नाही. तेव्हा हा स्कॅन स्वतःच्या खर्चाने, आणि छातीच्या डॉक्टरांशी बोलूनच करावा. चिठ्ठीवर 'लो डोस' असे स्पष्ट लिहून घ्यावे. तो एकदा करून भागत नाही, दरवर्षी करावा लागतो.

स्कॅन स्वच्छ निघाला तरी सिगारेट सोडण्याचा फायदा वेगळाच राहतो. ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या पाहणीत (२००४) साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांचे आयुष्य सुमारे तीन वर्षांनी, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांचे सहा वर्षांनी वाढलेले आढळले. सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या मोफत सरकारी क्रमांकावर सल्ला मिळतो.

ज्यांना आधीच त्रास आहे त्यांनी मात्र अशा वार्षिक तपासणीची वाट पाहू नये. दोन आठवड्यांहून जुना खोकला, बेडक्यात रक्त, आवाज बसणे, वजन घटणे यांपैकी काही असल्यास लगेच डॉक्टरांकडे जावे. प्रथम थुंकीची तपासणी होईल, आणि ती योग्यच आहे. परंतु थुंकीत जंतू नसताना केवळ फोटोवरून क्षयाची औषधे सुरू झाली असतील आणि दोन महिन्यांत उतार पडला नसेल, तर सीटी स्कॅन व दुर्बिणीची तपासणी याविषयी स्वतःहून विचारावे. जाताना जुने फोटो बरोबर न्यावेत. पाच वर्षांपूर्वीच्या फोटोत तोच डाग तेवढाच असेल, तर पुढच्या पुष्कळ तपासण्या वाचतात.