मुठीची तार

आखाडा बाळापूर हें नांदेडहून हिंगोलीस जाणाऱ्या रस्त्यावरील गांव. भोंवतालची जमीन काळी; हळद व कापूस पिकविणारी. उन्हाळ्यांत तिची धूळ व पावसाळ्यांत तिचा चिखल प्रत्येक मोटारसायकलीस चिकटतो. मालक गाडी धुतो, इंजिनांतील तेल बदलतो, चाकांत हवा भरतो. परंतु मुठीपासून कार्बोरेटरपर्यंत गेलेली बारीक तार त्यास आठवत नाहीं.

कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल व हवा यांचें मिश्रण इंजिनास पुरविणारें साधन. साध्या कार्बोरेटरांत एक दट्ट्या असतो. मूठ फिरविली कीं पोलादी तार त्यास वर ओढते, हवेचा मार्ग मोकळा होतो व वेग वाढतो. मूठ सोडली कीं स्प्रिंग त्यास खालीं ढकलते. म्हणजे वेग वाढविणें हाताच्या स्वाधीन, परंतु तो उतरविणें स्प्रिंगच्या स्वाधीन होय. तारेच्या वेष्टनांत धूळ व गंज सांचल्यास स्प्रिंगचा जोर अपुरा पडतो, आणि ऐन वळणावर इंजिन वेगानें धांवतच राहतें. असें झाल्यास क्लच दाबून ब्रेक लावावा व इंजिन बंद करावें.

परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद असतां मूठ पूर्ण फिरवून सोडावी. ती आपोआप झटकन परत आली पाहिजे. हँडल डावीकडे व उजवीकडे वळवूनही तसेंच करून पाहावें. मूठ अडखळल्यास तार दोन्ही टोंकांस सोडवून वरून वेष्टनांत पातळ तेलाचे थेंब सोडावे, आणि खालून स्वच्छ तेल येईपर्यंत थांबावें. जाड ग्रीस घालूं नये. त्यास धूळ चिकटते. कांहीं तारांच्या वेष्टनास आंतून नायलॉनचें अस्तर असतें. तेथें गाडीच्या पुस्तिकेप्रमाणें वागावें. दट्ट्यास मात्र तेल लावूं नये. तो स्वच्छ व कोरडाच हवा. तारेचा एक धागा तुटलेला दिसला तरी ती बदलावी.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ नियमांनंतर नव्या मोटारसायकलींत बहुधा कार्बोरेटराच्या जागीं इंधन फवारणारी योजना आली. तरी जुन्या गाड्या रस्त्यावर आहेत, व पुष्कळ नव्या गाड्यांतही मुठीची तार कायम आहे.

विद्यार्थिमित्रहो, परवान्याचें वय होईपर्यंत गाडी चालविणें तुमचें काम नव्हे. परंतु वडील शेतास निघण्यापूर्वीं ती मूठ एकदां फिरवून पाहणें तुमच्या हातचें आहे. लहान कामांत विश्वासू राहणें म्हणजे तरी दुसरें काय? तेलाचे चार थेंब कवडीमोल खरे. परंतु त्यांवर घरच्या माणसाचें सुखरूप परतणें अवलंबून असतें.